वायसरच्या गाडीचा पिकअप

टेकडीच्या चढावर वायसरची गाडी धापा टाकायला लागली, त्याच आठवड्यात काकांनी घर सोडून जायचं जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे घरातल्या माणसांना सांगितलं असं नाही. त्यांनी ते गॅरेजमधल्या एअर कम्प्रेसरला सांगितलं.

"पुढच्या महिन्यापासून मी काही इथे नाही," त्या लाल टाकीवर हात ठेवून ते म्हणाले. "ट्रकच्या डेपोत फोरमनची जागा मिळालीय. राहायला खोलीही देतायत. तू आपलं सांभाळ."

कम्प्रेसरने नेहमीसारखा सुस्कारा सोडला. गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला बाबा एका गाडीखाली पाठीवर पडून होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि डोक्यावरच्या गिअरबॉक्सला उत्तर दिलं, "जाणाऱ्याचे पाय कोण धरणार?"

दोघं भाऊ असेच बोलायचे. काका थोरले, बाबा धाकटे. गॅरेज दोघांचं, घर दोघांचं, जेवणाचं टेबल दोघांचं आणि अबोलाही दोघांचा, अगदी निम्मा-निम्मा. कारण विचाराल तर दहा नंबरचा पाना. गॅरेजमध्ये दहाचा पाना हरवणं ही काही बातमी नव्हे, तो हरवण्यासाठीच बनवत असावेत. पण एके दिवशी काकांनी विचारलं, "पाना कुठाय?" बाबा म्हणाले, "तुझ्याच हातात होता की." काका म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोलतोय?" यावर बाबांनी फक्त खांदे उडवले आणि झालं. पुढे नवा पाना आला, तोही हरवला, पण दोघांनी फिरवलेली तोंडं काही सरळ झाली नाहीत. आधी कोण बोलणार एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याला दोघांकडेही एकच उत्तर होतं: तो.

वायसर ही बाबांची मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, तिथे ते सुखात असू दे. दोन लोखंडं एकमेकांना घासू नयेत म्हणून नटाखाली जी चकती टाकतात, ती वायसर. लहानपणी ती दोघांच्या मध्ये पत्र्याच्या डब्यावर बसून पाने हातात द्यायची, म्हणून काकांनी हे नाव ठेवलं. तेव्हा ते लाडाचं होतं. अबोला सुरू झाल्यापासून ती बिनपगारी नोकरी झाली. "वायसर, तुझ्या बापाला सांग, जॅक इकडे पाठव." "वायसर, तुझ्या काकाला विचार, जॅक काय त्याच्या बापाचा आहे?" आता दोघांचा बाप एकच होता आणि जॅक खरोखरच त्याचा होता, पण हे दाखवून देण्याचा मूर्खपणा वायसरने एकदाच केला.

मोठी होऊन ती टेकडीपलीकडच्या हॉस्पिटलात लोकांचे कान तपासायला लागली. बाहेरचा आवाज आत न येणाऱ्या खोलीत माणूस बसवायचा, त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीक बारीक शिट्या ऐकवायच्या, असं तिचं काम. "ह्यांना ऐकू येत नाही," म्हणून बायका नवऱ्यांना धरून आणायच्या आणि निम्म्या नवऱ्यांचे कान ठणठणीत निघायचे. अशा वेळी काय सांगायचं हे तिला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, पण घरी भरपूर शिकायला मिळालं होतं. ती म्हणायची, "कान उत्तम आहेत. बाकीचं तुम्ही दोघं बघा."

काकांच्या जाण्याची बातमी तिला आईकडून कळली, आईला बाबांकडून आणि बाबांना कम्प्रेसरकडून. तिला काका जायला नको होते. यात काही गुंतागुंत नव्हती. तिला गाडी चालवायला काकांनी शिकवलं होतं. बाबा पहिल्याच वळणावर ओरडून खाली उतरले होते आणि चालत घरी गेले होते. काकांनी लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत, जे काही लाड करायचे ते तिचे केले. आणि खरं सांगायचं तर तिला बाबांचीच जास्त काळजी वाटत होती. ज्याच्याशी आपण बोलत नाही तो माणूस समोर असणं वेगळं आणि नसणं वेगळं. समोर असला की निदान त्याला ऐकू जाईल असं पुटपुटता तरी येतं.

ती काकांच्या खोलीत गेली. पलंगाखाली बॅग भरून तयार होती.

"काका, नका ना जाऊ."

"तुझ्या बापाने सांगितलंय का असं?"

"नाही. मी सांगतेय."

"मग झालं," काका म्हणाले आणि उशीचा अभ्रा सारखा करायला लागले.

मग ती बाबांकडे गेली. "बाबा, तुम्ही एक शब्द बोललात तर ते थांबतील."

"त्याने विचारलं का, जाऊ का म्हणून?"

"तुम्ही बोलत नाही एकमेकांशी, मग विचारतील कसे?"

"तेच म्हणतोय मी," बाबा म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटी ती आईकडे गेली. आई दोरीवरचे कपडे काढत होती. "तुझ्या बाबांचा रेघांचा पायजमा कुठे पाहिलास का गं? दोरीवरून गेला तो गेलाच. हे म्हणतात भाऊजींनी चिंध्यांसाठी नेला. आता घर सोडून निघालेल्या माणसाला मी पायजम्याबद्दल विचारू का?" वायसरने कपाळाला हात लावला. ह्या घरात मोठ्या दुःखाला बसायला जागाच मिळत नसे, तिथे आधीच काहीतरी वाळत घातलेलं असे.

गाडीचं दुखणं सुरू झालं ते याच सुमाराला. वायसरची गाडी लहानशी, जुनी, रोज कामावर जायची. गॅरेजमध्ये येणाऱ्या सगळ्या गाड्यांत तेवढी एकच अशी होती, की जिच्यावर दोघं भाऊ हात चालवायचे. एकत्र नव्हे, पाळीपाळीने. काका चहाला गेले की बाबा यायचे, बाबा हात धुवायला गेले की काका. एकाने उघडलेलं दुसरा बंद करायचा, न विचारता, न सांगता. कुणी काय केलं हे नंतर बघणाऱ्याला तारेवरून कळायचं. काका डावरे होते. त्यांनी कुठे तार आवळली की पीळ उलटा पडायचा, आणि तो सोडवताना बाबा ज्या शिव्या द्यायचे त्या गिअरबॉक्सनेही ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या होत्या.

अशाच एका सर्व्हिसिंगनंतर गाडीची तऱ्हा बदलली. सपाटीवर ठीक चालायची, पण चढ लागला की पाय पार खालपर्यंत दाबला तरी नुसती घुमायची. मागचे ट्रक हॉर्न वाजवायचे. स्कूटरवाले पुढे निघून जाताना वळून बघायचे, आजारी माणसाकडे बघतात तसे.

एका संध्याकाळी जेवताना वायसर म्हणाली, "गाडीला पिकअपच राहिला नाही."

ती हे सहज बोलून गेली. मेकॅनिकच्या घरात असं सहज बोलू नये.

काकांनी हातातला घास खाली ठेवला. "सुपरचार्जर," ते पाण्याच्या जगला म्हणाले.

"टर्बो," बाबा मिठाच्या भांड्याला म्हणाले.

आईने जग आणि मिठाचं भांडं दोन्ही उचलून स्वतःकडे ओढून घेतलं. "आता बोला," ती म्हणाली.

दोघांनी वायसरकडे मोर्चा वळवला.

"वायसर, तुझ्या बापाला सांग, रोज कामावर जायची गाडी आहे ही," काका म्हणाले. "इंजिनच्या पट्ट्यावर एक ब्लोअर बसवायचा. इंजिन फिरलं की तो फिरणार, तो फिरला की आत हवा कोंबणार. पाय ठेवला की गाडी निघाली. सिग्नलला, चढाला, जागच्या जागी. टर्बोचं काय, पाय ठेवायचा आणि वाट बघायची. तो आधी विचार करतो."

"तुझ्या काकाला सांग," बाबा म्हणाले, "तो ब्लोअर फिरवायला ताकद इंजिनचीच खर्च होते. म्हणजे हवा देणार हा आणि दमणार ते. ॲव्हरेजची पार वाट. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे निघालेल्या धुरावर. नाहीतरी बाहेर फेकायचाच तो धूर. वाया जाणारी वस्तू कामाला लावायला डोकं लागतं म्हणावं."

"धुरावर फिरतो म्हणून तर तापतो. कामावर पोचल्यावर पोरीने काय गाडीत बसून राहायचं, ह्या महाराजांचं डोकं थंड होईपर्यंत?"

"आणि तुझा ब्लोअर दिवसभर रडणार त्याचं काय? गल्लीतली कुत्री मागे लागतील तिच्या."

आईने भात वाढता वाढता दोघांकडे पाहिलं. "एकावर पाय ठेवला की लगेच किंचाळतो. दुसरा आधी गप्प बसतो आणि मग तापून तापून भडकतो. माझ्या घरात दोन्ही बसवलेले आहेत, आणि घर अजून आहे तिथेच आहे."

खरी गोष्ट अशी, की त्या एवढ्याशा इंजिनाला टर्बो काय आणि सुपर काय, काहीही बसवणं हा शुद्ध वेडेपणा होता. क्लच दुसऱ्या दिवशी हात टेकेल आणि गिअरबॉक्स तिसऱ्या. हे दोघांनाही कळत होतं. पण आपला वेडेपणा मागे घ्यायचा तर आधी समोरच्याने घ्यायला हवा, आणि त्याबाबतीत घरातली परिस्थिती वर सांगितलेलीच आहे.

जेवण झाल्यावर काका उठले आणि भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाले, "पोरीची गाडी अशी टाकून मी जाणार नाही. हे काम झालं की निघेन. डेपोवाल्यांना तसं कळवतो."

त्या दिवशी बाबांनी टीव्ही लावला नाही, हे वायसरने पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून गॅरेजची रया गेली. गिऱ्हाइकांच्या गाड्या एका बाजूला राहिल्या आणि जमिनीवर खडूने चित्रं निघायला लागली. काकांनी पट्टा, पुली आणि ब्लोअर काढला. बाबांनी त्याच्या शेजारी धुराची नळी आणि गोगलगायीसारखा टर्बो काढला. संध्याकाळी वायसर कामावरून आली की तिला दोन चित्रांच्या मध्ये उभं करायचे आणि तिच्या तोंडून एकमेकांना ऐकवायचे. सुरुवातीला तिने निरोप नीट पोचवले. मग ती मुद्दाम चुकवायला लागली.

"काका, बाबा म्हणतायत, हवेचा दाब वाढला की पट्टा तुटतो."

"असं नाही म्हटलं मी," बाबा म्हणाले. "पट्टा घसरतो म्हटलं."

"बाबा, काका म्हणतायत, टर्बोला ऑइल लागत नाही."

"अगं लागतं!" काका ओरडले. "तेच तर मी सांगतोय, तुला नाही जमणार ते सांगायला. हे बघ, इंजिनचंच ऑइल येतं, इथून आत, आणि..." काका खडू घेऊन खाली बसले आणि बाबांच्या चित्रात हात घालून ऑइलची नळी काढायला लागले.

ती त्यांनी चुकीच्या बाजूला, खालून काढली.

बाबा बराच वेळ ते बघत राहिले. त्यांचा चेहरा लाल होत गेला, आईने वर्णन केलेल्या पद्धतीने, आणि मग ते एकदम म्हणाले, "दादा, तुला एवढंही कळत नाही? ऑइल खालून चढतं का कधी?"

गॅरेज गप्प झालं. कम्प्रेसरसुद्धा. दादा हा शब्द त्या जागेत इतक्या वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. वायसरने पाने आवरायचं निमित्त करून पाठ फिरवली.

काकांनी चित्राकडे पाहिलं. तळहाताने नळी पुसली. "मग दाखव ना कुठून चढतं ते," ते म्हणाले. थेट बाबांना.

तिथून पुढे दोघं जे सुटले ते सुटलेच. सकाळ-संध्याकाळ भांडण. भंगारवाल्याकडून बाबांनी एक टर्बो आणला, काकांनी एक सुपरचार्जर, आणि दोन्ही वस्तू टेबलावर शेजारी शेजारी ठेवून दोघं त्यांना घासत बसायचे. एकमेकांच्या अकलेचा उद्धार करायचे, लहानपणीची भांडणं उकरून काढायचे, आणि एकदा तर कुठल्याशा जुन्या मास्तरांची नक्कल करून दोघंही हसले, मग हसल्याचा राग येऊन पुन्हा भांडले. वायसर कामावरून घरी येताना मोकळेपणाने शीळ घालायची. चढावर मागून कितीही हॉर्न वाजोत.

मग एका सकाळी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये तिने गाडी उभी केली आणि बंद करण्याआधी, उगीच, ॲक्सिलरेटर दोनदा दाबला. दिवसभर दुसऱ्यांच्या कानांत शिट्या सोडणाऱ्या माणसाचे स्वतःचे कान तिखट होतात. तिला वाटलं, गाडी नाकात बोलतेय. सर्दी झाल्यासारखी. हवा आत ओढतानाचा घोगरा आवाज, जो तिला लहानपणापासून पाठ होता, तो यायचाच बंद झाला होता.

तिने बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा हातानेच निघाल्या. डब्यात हवा येण्याचा जो पाइप असतो, त्याच्या तोंडात फडक्याचा बोळा होता. तिने तो ओढून काढला आणि उलगडला. निळ्या रेघा. पायजम्याचा एक पाय होता तो, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत.

काय झालं असणार हे तिला उभ्या उभ्या कळलं. सर्व्हिसिंगच्या दिवशी काकांनी डबा उघडला. पाइपात नट पडू नये म्हणून तोंडाशी बोळा कोंबला, कुठलाही चांगला मेकॅनिक कोंबतो तसा. मग ते चहाला गेले. मग बाबा आले, काम उघडं दिसलं, बंद केलं. आत काही ठेवलंयस का, एवढं विचारायला हवं होतं. पण ते विचारायला समोर गिअरबॉक्सशिवाय कुणी नव्हतं, आणि गिअरबॉक्सला माहीत नव्हतं.

ती हसली. पार्किंगच्या वॉचमनने मान वर करून पाहिलं इतकी हसली. संध्याकाळी बोळा शेजारच्या सीटवर ठेवून ती चढाला लागली आणि गाडी सुटली. तिसऱ्या गिअरमध्ये, काहीही कुरकुर न करता, सिमेंटच्या ट्रकला मागे टाकून. टर्बो नको, सुपर नको, काही नको. माथ्यावर पोचेपर्यंत तिने घरी काय सांगायचं हे शब्दाशब्दाने ठरवलं होतं, कुठे थांबायचं आणि पायजमा नेमका केव्हा हवेत फडकवायचा ते सुद्धा.

आणि माथ्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी बरी झाली म्हणजे काम झालं. काम झालं म्हणजे काका निघाले.

शिवाय वर नवं भांडण, बोळा कुणाचा दोष, कोंबणाऱ्याचा की बंद करणाऱ्याचा. हे भांडण टर्बो-सुपरसारखं मजेचं नव्हतं, दहाच्या पान्याच्या जातीचं होतं. त्यात कुणी खडू हातात घेतला नसता. दोघांनी खांदे उडवले असते आणि बॅग उचलली गेली असती.

तिने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि बोळा होता तिथे परत कोंबला. फिल्टरच्या अलीकडे असल्यामुळे तो इंजिनात जायची भीती नव्हती, नुसता श्वास अडत होता, आणि तेवढा अडला तर अडू दे असं तिने ठरवलं. क्लिपा लावताना तिला स्वतःचीच लाज वाटली. मेकॅनिकच्या घरातली मुलगी धडधाकट गाडीच्या नाकात पायजमा घालत होती. पण हात काही थांबला नाही.

घरी आल्यावर काकांनी विचारलं, "काय म्हणते गाडी?"

"काही म्हणत नाही," ती म्हणाली. "चढतच नाही."

"चढणारच नाही," काका समाधानाने म्हणाले.

त्यानंतर काम पुढे सरकेना. म्हणजे भांडण जोरात होतं, पण टेबलावरच्या वस्तू टेबलावरच राहिल्या. एका सुट्टीच्या दुपारी काका एकटेच तिची गाडी मापं घ्यायला म्हणून आतल्या बाजूला घेऊन गेले. बराच वेळ बॉनेट उघडं होतं. परत आले ते हात पुसत, जरा गप्प गप्प, आणि म्हणाले, "सुपरच लागणार. पण पुली मिळत नाहीये त्या मापाची. वेळ लागेल." पुढच्या सुट्टीच्या दिवशी काका केस कापायला गेले असताना बाबांनी गाडी घेतली. तेही बराच वेळ बॉनेटमध्ये डोकं घालून होते. "टर्बोशिवाय गत्यंतर नाही," ते म्हणाले. "पण घाई करून चालायचं नाही. सायलेन्सरची नळी नव्याने वळवून घ्यावी लागेल." वायसर दोन्ही वेळा दाराशी घुटमळत राहिली, पण कुणीच पायजम्याचं नाव काढलं नाही, तेव्हा तिने मनात म्हटलं, एवढे मोठे मेकॅनिक आणि फिल्टरचा डबा उघडायचं सुचत नाही, धन्य आहे.

डेपोतून काकांना फोन यायचा. ते अंगणात जाऊन बोलायचे, "घरचं काम अडकलंय हो. सोडून कसा येऊ?" पलंगाखालच्या बॅगेतून आधी टॉवेल बाहेर आला, मग दाढीचं सामान, मग एक एक करून शर्ट. शेवटी रिकाम्या बॅगेवर सुपरचार्जरचे सुटे भाग वाळत पडले आणि डेपोतला फोन यायचाही थांबला.

वायसरला मात्र एक धास्ती लागून राहिली. आपण घाईत कोंबलेला बोळा सैल झाला आणि सरकला तर? फिल्टरला जाऊन चिकटला तर गाडी चढावर मधेच बंद पडेल. म्हणून एक दिवस हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये तिने पुन्हा क्लिपा काढल्या.

बोळा जागच्या जागी होता. पण सैल नव्हता. तो नीट घडी घालून, मध्ये हवेला थोडी वाट ठेवून, पाइपाच्या तोंडाशी बसवलेला होता, आणि आत ओढला जाऊ नये म्हणून तारेने क्लॅम्पला बांधलेला होता. तिने अशी कुठलीच तार बांधली नव्हती. ती खाली वाकली. तारेचा पीळ उलटा होता.

मग तिला दुसरी तार दिसली. पहिलीच्या शेजारी, थोडी जाड, जणू पहिलीवर पुरता भरवसा नसल्यासारखी. तिचा पीळ सरळ होता.

वायसर पार्किंगच्या कठड्यावर बसली. पहिल्यांदा तिला हसू आलं, आणि ते हसू कुठे संपलं हे तिला कळलं नाही, कारण तोवर तिने रुमाल काढला होता. काकांनी बोळा पाहिला होता. काढून फेकला असता तर त्याच दिवशी जाता आलं असतं, आणि त्यांनी तो घट्ट बांधला होता. बाबांनी बोळा पाहिला होता, आपला पायजमा ओळखला होता, त्याच्याशेजारी भावाचा उलटा पीळ पाहिला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो न सोडवता त्याला आपल्या तारेचा टेका दिला होता. थांब म्हणायला ज्यांची जीभ उचलत नव्हती त्यांनी ते असं म्हटलं होतं, आणि थांबतो म्हणणाऱ्यानेही असंच.

तिने तारा तशाच ठेवल्या आणि डबा बंद केला. वॉचमनने विचारलं, "मॅडम, गाडीला काय झालंय?"

"काही नाही," ती म्हणाली. "घरची माणसं बघतायत."

संध्याकाळी ती गॅरेजमध्ये शिरली तेव्हा दोघं जमिनीवर बसले होते, गुडघ्यांना खडू लागलेला, मध्ये चहाचे दोन कप.

"आली बघ," बाबा म्हणाले. "हिलाच विचारू. गाडी हिची आहे."

"विचार," काका म्हणाले. "वायसर, आज काय ते सांगून टाक. टर्बो की सुपर?"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. हा चेहरा तिच्या रोजच्या ओळखीचा होता. कान तपासून झाल्यावर, ती कागद हातात घेऊन बाहेर येते तेव्हा बाकावरची माणसं असंच बघतात. आवाज चढवून बोलणाऱ्या त्या दोन म्हाताऱ्यांना भीती वाटत होती, की ही आता एक काहीतरी निवडेल.

"मला अजून नीट समजलंच नाहीये," वायसर म्हणाली. तिने कोपऱ्यातला पत्र्याचा डबा ओढला आणि दोघांच्या मध्ये बसली. "पहिल्यापासून सांगा. आणि घाई करू नका."

बाबांनी रोखलेला श्वास सोडला. काकांनी खडू उचलला. "ह्याला मध्ये बोलू देऊ नकोस म्हणजे झालं," ते म्हणाले.

"तू सुरू तर कर, दादा," बाबा म्हणाले. "चुकलास की सांगतोच."

जेवणं झाल्यावर आईने वायसरला स्वयंपाकघरात बोलावलं आणि तिच्या हातात एक घडी ठेवली. धुतलेली, इस्त्री केलेली, निळ्या रेघांची. "भाऊजींच्या चिंध्यांच्या पेटीत सापडला," ती हळूच म्हणाली. "दुसरा पाय आहे. गाडीत असू दे. पहिला कधी ना कधी फाटेलच."

वायसरने तो नेऊन डिकीत ठेवला, स्टेपनीच्या शेजारी.